विहिरीचे पाणी आणि ‘नॅनो’चे पोकळ दाणे



नामपूरजवळच्या एका मळ्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती पाळतो. मजकूर थोडक्यात असा. घरात चार महिन्यांचा नातू आहे. सुनेला दूध कमी येते, म्हणून बाळाला डब्यातली दुधाची भुकटी पाण्यात कालवून पाजावी लागते. पाणी मळ्यातल्या विहिरीचे. विहिरीला लागून गोठा आणि उकिरडा, तिन्ही अंगांनी कांदा, पलीकडे डाळिंब. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि हंड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते. बाजाराच्या दिवशी एक विक्रेता घरी येऊन गेला. त्याच्या यंत्रात ‘नॅनो’चे पोकळ दाणे भरलेले असून ते पाण्यातले सगळे विष ओढून घेतात, असे त्याने सांगितले. किंमत चौदा हजार रुपये. मालक म्हणतात, चाळीतला कांदा थोडा आधी काढू, पण यंत्र घेऊन टाकू. घ्यावे की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. यंत्र आज घेऊ नका. त्यासाठी कांद्याला हात लावू नका. बाळाच्या दुधासाठी मात्र त्या विहिरीचे पाणी आजच्या आज बंद करा. गावच्या नळयोजनेचे पाणी तपासलेले असेल तर तेच आणून, उकळून गार करून बाळाला वापरा. आणि आशाताईंना घरी बोलवा. आईचे दूध वाढवण्याचे मार्ग त्यांना ठाऊक असतात. तो माझा प्रांत नव्हे, पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाला तोड नाही एवढे मलाही समजते.

आता विक्रेत्याच्या खेळाविषयी. पत्रात लिहिले आहे की त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात विहिरीचे आणि दुसऱ्यात यंत्रातले. दोन्हींत विजेच्या सळया सोडल्या. पाच मिनिटांत विहिरीचे पाणी तांबूस-हिरवे झाले, वर घाण फेस आला. यंत्राचे पाणी होते तसेच राहिले. घरातली मंडळी घाबरली. हा खेळ मी अनेक गावांत पाहिला आहे. त्यात दिसलेली घाण पाण्यातली नसते, सळईची असते. एक सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून त्यातून वीजच जात नाही. पुढच्या खेपेला तो आला तर त्याला एवढेच सांगा, ‘दादा, यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हाच खेळ पुन्हा दाखवा.’ ते पाणीही तसेच तांबडे होईल.

पेनासारखे एक मापकही तो दाखवतो. त्यावर आकडा येतो. तो आकडा पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, दुसरे काही नाही. जुलाब करणारे जंतू त्यात दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही. आकडा मोठा म्हणजे विष आणि लहान म्हणजे अमृत, असे समजू नका. डाळ न शिजणे आणि हंड्याला खपली धरणे ही कॅल्शियम-मॅग्नेशियमची, म्हणजे जडपणाची लक्षणे आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असल्या पाण्याने बाईमाणसाचे सरपण आणि साबण जास्त जातो, पण त्याने बाळ निळे पडत नाही. बाळ निळे पाडणारी चीज वेगळी आहे. तिला रंग नाही, वास नाही, चव नाही. तिच्याकडे येतोच.

पण त्याआधी त्या पोकळ दाण्यांना न्याय दिला पाहिजे. विक्रेता खेळ खोटा करतो म्हणून दाण्यामागचे शास्त्र खोटे ठरत नाही. ते खरे आहे, आणि मोठे मौजेचेही आहे.

‘नॅनो’ हा शब्द आता आपल्याला नवा राहिला नाही. २००८ साली टाटांनी त्या नावाची छोटी मोटार दाखवली. २०२१ साली इफ्कोचा नॅनो युरिया बाटलीतून आला. त्याच्या गुणावगुणांचा वाद इथे काढत नाही. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. रोगजंतू हजार नॅनोमीटरच्या आसपास, विषाणू त्याहून कितीतरी बारीक. एवढ्या बारीक वस्तूचा पाण्याला उपयोग काय? उत्तर आपल्या नेहमीच्या हिशेबात, गुंठ्यात सांगतो.

एक सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा दगडाचा खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटीमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा पृष्ठभाग. याच खड्याचे दहा-दहा नॅनोमीटरचे तुकडे करता आले, तर सगळ्या तुकड्यांचे पृष्ठभाग मिळून ६०० चौरस मीटर होतात, जवळजवळ सहा गुंठे. दगड तेवढाच, वजन तेवढेच, पण पृष्ठभाग सहा गुंठे! पाण्यातली घाण चिकटते ती पृष्ठभागाला, म्हणून सगळी धडपड हे गुंठे वाढवण्याची. गाळणीत वापरतात तो चांगल्या प्रतीचा सक्रिय कोळसा ग्रॅमला हजार चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाव एकर पृष्ठभाग देतो. तो चहाच्या चमच्यातही मावतो.

मग नुसते पीठ करून का वापरू नये? पिठात पाणी ओतून पाहा. वरचा थर भिजतो, गच्च बसतो आणि पाणी खाली उतरत नाही. अति बारीक कणांचे तसेच होते. ते एकमेकांना चिकटून गोळा होतात, गाळणी तुंबते, नाही तर ते पाण्याबरोबर वाहून पोटात जातात. यावर शास्त्रज्ञांनी काढलेली एक युक्ती म्हणजे पोकळ गोळी. बाहेरून गोळी जरा मोठी, त्यामुळे दोन गोळ्यांमधून पाणी वाहते. कवच मात्र पातळ आणि सच्छिद्र, त्यामुळे पाणी आतही शिरते. भरीव गोळीचे पोट फुकट जाते, तिथे पाणी पोहोचत नाही. पोकळ गोळीचे बाहेरचे अंग आणि आतले अंग दोन्ही कामाला लागतात. पुरी आणि लाडू यांत जो फरक, तोच इथे.

अशी गोळी करायची कशी? मेणाचा साचा करून पितळेची मूर्ती ओततात ते काम कुणी पाहिले असेल. मेणावर माती लिंपायची, भाजायचे, मेण वितळून निघून जाते आणि मातीत पोकळी उरते. तीच जुनी कल्पना इथे आहे. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेत फ्रँक कारुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे करून दाखवले. थर्मोकोल ज्या प्लॅस्टिकचे होते, त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म गोळ्या त्यांनी घेतल्या. त्यांवर विरुद्ध विद्युतभाराच्या द्रव्यांचे आणि वाळूतल्या सिलिकाचे एकावर एक थर चढवले. मग भट्टीत तापवून आतले प्लॅस्टिक जाळून टाकले. उरली सिलिकाची पोकळ गोळी.

दुसरी रीत साखरेची. ग्लुकोजचे पाणी पोलादी बंद भांड्यात, आपल्या कुकरच्या थोरल्या भावात म्हणा, १६० ते १८० अंश उष्णतेवर काही तास ठेवले की काकवीसारखे काळे होते आणि त्यात कोळशाच्या नेमक्या गोल गोळ्या तयार होतात. त्या लोहाच्या किंवा जस्ताच्या क्षारात भिजवायच्या आणि हवेत भाजायच्या. कोळसा जळतो, धातूच्या भस्माचे कवच राहते. साच्याशिवायही पोकळी साधता येते. मध किंवा काकवी बरेच दिवस ठेवली की बारीक खडे विरघळून मोठे खडे वाढतात, हे घरोघरच्या बायांना माहीत आहे. सूक्ष्म दाण्यांच्या गोळ्यात पोटातले बारीक दाणे असेच विरघळतात आणि बाहेरच्या मोठ्या दाण्यांवर जाऊन बसतात. हळूहळू पोट रिकामे होते. ऑस्टवाल्ड नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव या क्रियेला आहे. त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते.

माणसाने हे उद्योग आत्ता सुरू केले, पण पोकळीचा हा कारखाना आपल्या पायाखाली फार आधीपासून आहे. विहीर खणताना मुरूम संपला की कुठे काळा कातळ लागतो, कुठे पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक. सुरुंगाने तो फुटला की एखाद्या पोकळीत पांढरे, गुलाबी, सुईसारखे किंवा पंख्यासारखे स्फटिक चमकतात. मुले ते उचलून आणतात, कुणी देवळीत ठेवतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून खनिजांचे गरम पाणी झिरपून त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. त्यांतली काही गारगोटी, काही कॅल्साइट, पण बरीच झिओलाइट जातीची असतात: स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात ती कपाटांत मांडलेली आहेत. लग्नकार्याला त्या बाजूला गेलात तर मुलांना घेऊन जरूर पाहून या.

क्रोनस्टेट नावाच्या स्वीडनच्या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली असा एक दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ निघाली आणि दगड उकळल्यासारखा दिसला. झिओलाइट या नावाचा अर्थच ‘उकळणारा दगड’. त्या दगडाच्या अंगात एका नॅनोमीटरहूनही अरुंद खिडक्यांच्या खोल्या असतात आणि त्यांत पाणी बसलेले असते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून झिओलाइट कारखान्यात बनू लागले. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत ते असते, पाण्याचा जडपणा ओढून घेण्यासाठी. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात कृत्रिम झिओलाइट घडवले आणि ते बडोद्याच्या रसायन कारखान्यात वापरात आले. रशियात चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात म्हणून आपण जो ऐकतो, तो १९८६ सालचा, आजच्या युक्रेनमधला. तिथले किरणोत्सारी सीझियम धरून ठेवायलाही झिओलाइटच टाकले होते.

आता कुणी विहिरीतल्या गारा कुटून माठात टाकू नका. झिओलाइट सगळ्यांना दार उघडत नाही. त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते कॅल्शियम, शिसे, अमोनियम असे धनभाराचे पाहुणे घेते. नायट्रेट ऋणभाराचे. त्याला ते दाराबाहेर उभे करते. आमच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात काळ्या मातीच्या कणाबद्दल हेच शिकवलेले होते, आणि तुमच्या वावरात ते रोज घडते. युरियाचे अमोनियम मातीला धरून राहते; त्याचे नायट्रेट झाले की माती त्याला धरत नाही आणि पाण्याबरोबर ते खाली विहिरीकडे चालू लागते.

म्हणजे कोणता दाणा कोणती घाण धरतो हे आधी पाहावे लागते. ॲल्युमिनियमच्या भस्माचे दाणे फ्लोराइड धरतात. लोहाच्या भस्माचे आर्सेनिक धरतात. टायटॅनियमचे भस्म, जे पांढऱ्या रंगात घालतात, ते उन्हातल्या अतिनील किरणांत सेंद्रिय रंगद्रव्याचे तुकडे पाडते. प्रकाशातली त्याची शक्ती १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. आपली मोसम हरणबारीहून नामपूरवरून खाली मालेगावला जाते आणि गिरणेला मिळते. मालेगावात तिच्यात शहराचे किती सांडपाणी मिसळते ते पुलावर उभे राहून कुणालाही दिसते. यंत्रमागाच्या कापडाला रंग लागतोच, आणि रंगाच्या पाण्यासाठी अशी भस्मे कामाची आहेत. पोकळ गोळ्यांच्या प्रयोगांत मिथिलीन ब्लू आणि काँगो रेड हे कापडाचे रंगच बहुधा वापरतात, कारण रंग उतरला की डोळ्यांना दिसतो.

इथेच एक मेख आहे. प्रयोगशाळेत शुद्ध केलेल्या पाण्यात एकच रंग टाकतात आणि गोळीने तो किती ओढला ते मोजतात. आकडा भारी येतो. विहिरीचे पाणी असे एकटे नसते. त्यात जडपणा, खताचा अंश, कुजलेल्या पाल्याचे द्रव्य, सगळी जत्रा असते. गोठ्यात वीस खुंटे आहेत असे समजा. वीस जनावरे बांधली की एकविसावे मोकळेच राहणार. आणि शेजारच्या गायींनी आधीच पंधरा खुंटे अडवले असतील तर तुमच्या गायीला पाचच उरतात. गोळीच्या पृष्ठभागाचे तसेच आहे. खुंटे भरले की पाणी जसे आत जाते तसेच बाहेर येते, आणि बाहेरून काही कळत नाही. नळीला पाणी तसेच, चकाकी तशीच. म्हणून विक्रेत्याला विचारायचे ते असे: हा दाणा नेमकी कोणती घाण धरतो, किती लिटरला भरतो, भरला हे कशावरून समजायचे, नवीन भरण किती रुपयांची, आणि आपल्यासारख्या जड पाण्यात याची तपासणी झाल्याचा कागद आहे का. चौदा हजारांच्या यंत्रासाठी एवढे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. कागद नसेल तर चहा पाजून वाटेला लावावे.

या देशात अशा साधनांतून चांगले काम झालेलेही आहे, तेही सांगितले पाहिजे. इगतपुरी-पेठकडचे भाऊ भाताचे तूस जाळतात किंवा उकिरड्यावर टाकतात. त्या तुसाच्या राखेत बहुतांश भाग सिलिकाचा असतो आणि ती अंगाने सच्छिद्र असते. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने ही राख, सिमेंट आणि खडे यांची साधी गाळणी बनवली होती, ‘सुजल’ नावाची. पुढे त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून २००९ च्या डिसेंबरात ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आले. हजार रुपयांच्या आत, विजेशिवाय चालणारे. चांदी जंतूंना मारते हे आपल्या जुन्या माणसांनाही ठाऊक होते. दुसरे काम मद्रासच्या आयआयटीतील प्राध्यापक टी. प्रदीप यांचे. २००३ साली बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचा गवगवा झाला, तो तुम्हाला आठवत असेल. प्रदीप यांच्या चमूने चांदीसारख्या धातूंच्या नॅनोकणांवर एंडोसल्फान, मॅलाथिऑन, क्लोरपायरीफॉस ही औषधे धरून दाखवली, आणि २००७ पासून ती युक्ती घरगुती गाळणीत आली. ही औषधे आपल्या पंपातून फवारली गेलेली आहेत, तेव्हा हे संशोधन आपल्या घरचेच म्हणायचे.

मात्र तुसाची राख आणि चांदी जंतूंसाठी. प्रदीप यांची गाळणी त्या ठराविक कीटकनाशकांसाठी. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या विहिरीत मला भीती आहे ती नायट्रेटची. गोठा, उकिरडा आणि कांद्याचा युरिया एकाच विहिरीभोवती असल्यावर ती धरावीच लागते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे आपले मानक सांगते. मोठ्या माणसाला त्याचा चटकन त्रास जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या लाल द्रव्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते. ओठ, नखे निळसर होतात. अमेरिकेतल्या आयोवा या शेतीच्या प्रांतात १९४५ साली कॉमली नावाच्या डॉक्टरने अशा बाळांच्या आजाराचे मूळ मळ्यातल्या विहिरींच्या पाण्यात शोधून काढले. ती बाळेही त्याच पाण्यात कालवलेल्या दुधावर होती. बाळाचे ओठ निळसर दिसले तर बुवा-भगत न करता तडक दवाखान्यात न्यावे. त्यावर औषध आहे.

आपल्या सगळ्यांचा भरवसा असतो उकळण्यावर. उकळल्याने जंतू मरतात, ते करावेच. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटते आणि तेवढ्याच नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. तुरटी ते काढत नाही, कोळसा काढत नाही, मेणबत्तीची गाळणी काढत नाही. आरओचे यंत्र किंवा नायट्रेटसाठीचे खास राळेचे दाणे हे काढतात. आरओ एक लिटर चांगले पाणी देताना दोन-तीन लिटर सोडून देते आणि त्या सांडपाण्यात सगळे क्षार दाटलेले असतात. ते पुन्हा विहिरीकडे सोडले तर काय साधले?

म्हणून आधी तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळते. ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाला विचारले तर तो वाट सांगेल. रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, औषधाची किंवा तेलाची नको. पंप दहा मिनिटे चालू द्यावा, त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी, तारीख आणि विहिरीचे नाव लिहून त्याच दिवशी पोहोचवावी. जंतूंच्या तपासणीची बाटली निराळी, निर्जंतुक केलेली, ती प्रयोगशाळेतूनच आणावी. नायट्रेट, जडपणा, फ्लोराइड, क्लोराइड एवढे तरी मागून घ्यावे. एक तपासणी उन्हाळ्यात विहीर तळाला गेल्यावर आणि एक पावसाळा संपताना केली तर खरे चित्र कळते. नायट्रेट जास्त निघाले तर यंत्राचा विचार करावा, आणि तेव्हा कोणते यंत्र हे कागदच सांगेल. नायट्रेट बरोबर असून नुसता जडपणा निघाला तर चौदा हजार वाचले. डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका.

राहिला प्रश्न विहिरीचा. थोडे गणित पाहा. एक किलो नत्राचे सुमारे साडेचार किलो नायट्रेट होते. तेवढे विहिरीत उतरले तर जवळजवळ एक लाख लिटर पाणी मर्यादेला जाऊन टेकते. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते एक लाख लिटर भरते. म्हणजे युरियाच्या दोन-सव्वादोन किलोंत एवढ्या पाण्याची वाट लागते. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी ४० किलो धरले तर युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांच्या आतच काम भागते, आणि मिश्र खतातून दिलेले नत्र त्यातून वजा करायचे असते. ते कुणी करत नाही. लावणीनंतर दीड महिन्यात नत्राचे हप्ते संपवावेत. उशिरा दिलेल्या युरियाने मान जाड होते, चाळीत कांदा सडतो आणि उरलेले खत विहिरीत जाते. दोन्हीकडून आपलेच नुकसान.

उकिरडा विहिरीपासून हलवा, उताराच्या खालच्या बाजूला न्या. विहिरीचा काठ जमिनीपासून वर उचलून बांधा, म्हणजे पावसाचे पाणी गोठ्यावरून थेट आत येणार नाही. फवारणीचा पंप विहिरीच्या थारोळ्यात धुऊ नका, औषधही तिथे कालवू नका.

डाळिंबवाल्यांना खास सांगतो. ठिबकमधून खत सोडताना मध्येच वीज गेली की पंप थांबतो आणि नळीतले पाणी उलटे विहिरीत ओढले जाते, त्याबरोबर टाकीतले खतही. बागलाणात वीज केव्हा जाईल याचा नेम कुणी द्यावा! पंप आणि खताची टाकी यांच्यामध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. दुकानात एनआरव्ही म्हणून मागितला की मिळतो. बसवल्यावर एकदा मुद्दाम पंप बंद करून पाहा. टाकीत साधे पाणी आणि थोडा रंगपंचमीचा रंग टाकून ही परीक्षा घ्यावी, खत टाकून नव्हे. रंग मागे सरकला तर व्हॉल्व्ह उलटा बसला आहे किंवा त्याच्या झडपेत कचरा अडकला आहे. उघडून साफ करा आणि बाण पाण्याच्या दिशेने आहे ना ते पाहून पुन्हा बसवा.